वूली बगरचं पीस सुटतं, गळाचा डोळा बुजतो

प्रश्न: १० नंबरच्या गळावर वूली बगर (पिसं-दोरा बांधून केलेलं मासेमारीचं नकली आमिष) बांधतोय. चार-पाच फेकींत पीस सुटतं, गळाचा डोळाही (मासेमारीची दोरी ओवायचं भोक) बांधायच्या दोऱ्याने भरतो. सहलीआधी डझनभर हवेत. काय चुकतंय?

उत्तर १: डोळ्यामागे दोन डोळ्यांएवढी जागा मोकळी सोडा, शेनील (अंगासाठीचा मऊ, केसाळ दोरा) तिथेच थांबवा. शेपटीचं माराबू (मऊ, फुगीर पीस) गळाच्या दांड्याएवढंच ठेवा. लांब झालं की गळाला वेटोळं घालतं.

उत्तर २: बारीक तांब्याची तार वापराच! पीस पुढून मागे गुंडाळा, मग तार उलट दिशेने पिसावरून पुढे आणा, ५-६ वेढे. आणताना तार डावी-उजवीकडे हलवत न्या, नाहीतर पिसाचे केस खाली दबतात.

उत्तर ३: शेवटी ५ वेढ्यांची व्हिप फिनिश (दोऱ्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली अडकवणारी गाठ), दोनदा. वर वार्निशचा एकच थेंब. गळाच्या डोळ्यात गेलाच तर ओला असतानाच पिसाचा देठ आरपार ओढा.