स्ट्रॉबेरीची घरच्या शेतावर वाईन: छोटी वायनरी जमेल का?

डोंगरउतार:
नमस्कार मंडळी, आम्ही भिलारजवळचे, घरची दोन एकर स्ट्रॉबेरी आहे, विंटर डॉन आणि थोडी स्वीट चार्ली, बांधावर तुतीची १०-१२ झाडं आणि खाली ओढ्याला जांभळं. डिसेंबर-जानेवारीत पनेटचा (छोट्या प्लास्टिक डब्यांतला) माल चांगला जातो पण मार्च लागला, ऊन वाढलं की फळ बारीक आणि मऊ पडतं, मग ते प्रोसेसिंगला पाव भावात द्यावं लागतं. मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याने ठरलेला माल ऐनवेळी घेतला नाही, ११ क्रेट आम्ही स्वतःच्या हाताने खड्ड्यात ओतले. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून डोक्यात आहे की आपणच फळांची वाईन का करू नये, मी, थोरला भाऊ आणि वहिनी मिळून, वहिनी फूड टेक झालेली आहे. पण घरात आई-वडील दोघं माळकरी, त्यांना कसं सांगायचं तेच कळत नाही. आणि घरी आधी १०-२० लिटर करून बघितली तर चालते का? कुणी फळांची वाईन केली असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

चिकूवाडी:
दादा सगळ्यात आधी, घरी करून बघायच्या भानगडीत पडू नका. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि लायसन्स नसताना वाईन बनवणं हा गुन्हाच, १० लिटर असो नाहीतर १०००. नाशिक-पुणे पट्ट्यात लायसन्सवाल्या वायनरी आहेत, त्यांच्याशी बोलून तुमचा पल्प त्यांच्या टाकीत लावता येतो का बघा, पहिली दोन वर्षं तशी काढली तरी खूप शिकायला मिळेल. मी बोर्डीकडचा, आमच्याकडे चिकूची वाईन करणारी वायनरी आहे, घोलवडच्या चिकूला २०१६ ला जीआय (त्या भागाच्या नावाचं सरकारी मानांकन) मिळालं आणि तुमच्या महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला तर २०१० लाच मिळालंय, लेबलवर ते नाव लावता आलं तर त्याची किंमत मोठी आहे, नियम नीट विचारून घ्या. फळाफळात फरक किती बघा, चिकूत साखर भरपूर पण आंबटपणा जवळजवळ नाहीच, त्यामुळे वरून ॲसिड घालावं लागतं नाहीतर वाईन मिळमिळीत लागते. तुमचं बरोबर उलटं, स्ट्रॉबेरीत आंबटपणा आहे पण साखर कमी.

द्राक्षबागेतली_सून:
मी पिंपळगावची, घरी द्राक्षं आहेत आणि ७ वर्षं एका वायनरीच्या लॅबमध्ये काम केलंय, त्यामुळे मनापासून लिहिते. स्ट्रॉबेरीचा ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) ७-८ च्या आसपास येतो, वाईनच्या द्राक्षाचा २२-२३. साधारण १७ ग्रॅम साखरेला लिटरमागे १ टक्का अल्कोहोल धरायचं, म्हणजे १२ टक्क्यांची वाईन हवी तर लिटरला १५० ग्रॅमच्या आसपास साखर वरून घालावी लागणार, तो खर्च आत्ताच हिशोबात धरा. पल्पला आधी केएमएस (नको ते जंतू रोखणारी पावडर, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट), १०० लिटरला १० ग्रॅमच्या आसपास, एक दिवस थांबून मग यीस्ट. पेक्टिनेज एन्झाइम घातलं नाही तर वाईन कधीच नितळ होत नाही, जॅम ज्या पेक्टिनमुळे घट्ट बसतो तेच इथे आडवं येतं. टाकीचं तापमान १८-२० ठेवा, गरम झालं की स्ट्रॉबेरीचा वास पहिल्या ४ दिवसांत उडून जातो आणि तो वास हीच तर तुमची कमाई. रंगाचंही सांगते, स्ट्रॉबेरीचा लाल टिकत नाही, वर्षभरात कांद्याच्या सालीसारखा होतो, मी काचेत धरून बघितलंय, वाईट वाटतं. तुमच्याकडे तुती आहे ना, ती त्याच मोसमात येते, थोडी मिसळा, रंगाला खूप आधार होईल.

आणि एक कळकळीने, राखाडी बुरशी लागलेलं एकही फळ घेऊ नका. खड्ड्यात जाणारा माल वाईनला जाईल या हिशोबाने सुरुवात केलीत तर फसाल, बुरशीच्या फळाने वाईन तपकिरी होते आणि नंतर काही केल्या सुधारत नाही. मऊ चालेल, बारीक चालेल, सडकं नाही. फळ तयार झालं की त्याच दिवशी देठ काढून धुवून फ्रीझ करा, फ्रीझ केलेलं फळ सुटलं की रसही चांगला सोडतं.

आईंचं म्हणाल तर माझ्या सासूबाईपण माळकरी, मी लॅबला लागले तेव्हा ६ महिने त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत. मी कधी लपवलं नाही एवढंच, रोज काय काम केलं ते सांगत गेले. तुम्हीपण लपवू नका, आधी सांगा मग लायसन्सचे कागद करा.

टांपेरेकर:
मी फिनलंडला असते, इथे द्राक्षं पिकत नाहीत म्हटलं तरी चालेल पण १९९५ पासून शेतकऱ्याला बेरीची वाईन करून स्वतःच्या शेतावरूनच विकायला परवानगी आहे, १३ टक्क्यांपर्यंत. एरवी कडक दारू सरकारी दुकानातच मिळते त्यामुळे या लोकांना ती मुभा म्हणजे मोठा आधार. मागच्या उन्हाळ्यात अशा एका घरी गेलो होतो, नवरा-बायको आणि त्यांची मुलगी, काळ्या करंटची (एक छोटी आंबट बेरी) वाईन, कोठारातच टेबल मांडलेलं, आजी बाजूला जॅम आणि ज्यूसच्या बाटल्या विकत होती. मला त्यातलं हेच आवडलं की नुसत्या वाईनवर कुणी बसलेलं नाही. तुमच्याकडे तर पाचगणी-महाबळेश्वरचे पर्यटक दारातून जातात, लायसन्स येईपर्यंत सरबत, क्रश, फ्रोझन फळ सुरू करा, गिऱ्हाईक आधी तयार होईल.

डोंगरउतार:
सगळ्यांचे मनापासून आभार, घरी करून बघायचा विचार सोडला. ताई तुमचं वाचून काल रात्री जेवताना आई-वडिलांसमोर विषय काढलाच. वडील काही बोलले नाहीत, आई म्हणाली फळ निवडून, देठ काढून मी देईन पण बाटली या घरात येणार नाही, टाक्या काय त्या खालच्या शेडात. वहिनी आज वाईला डीप फ्रीझर बघायला गेलीय. एकच विचारायचं राहिलं, फ्रीझ केलेला माल नाशिकपर्यंत न्यायचा तर थर्माकोलच्या पेट्या पुरतात का रीफर (थंड ठेवणारी) गाडीच लागेल? रात्रीचा प्रवास धरलाय.