विषय: स्पॅनिश शिकायचंय. ऍप, क्लास की आणखी काही?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेल्समध्ये हा प्रश्न घुसडतेय, माफ करा. मी इथे ह्यूस्टनमध्ये फार्मसिस्ट आहे. परवा काउंटरवर एक आजोबा आले. बाटलीच्या लेबलवर बोट ठेवून मला म्हणाले, "ओन्से?" मला वाटलं, नुसतं वाचून दाखवतायत. मी मान डोलावली. मागून आमची टेक्निशियन अक्षरशः धावत आली. लेबलवर इंग्रजीत 'वन्स' छापलेलं, म्हणजे दिवसातून एकदा. तीच चार अक्षरं, ओ-एन-सी-ई, स्पॅनिशमध्ये 'ओन्से' वाचतात आणि अर्थ होतो अकरा. आजोबा विचारत होते, अकरा गोळ्या?

त्या रात्री झोप लागली नाही. ऍपवर माझी 212 दिवसांची साखळी आहे, आणि येतं काय, तर "मुलगा सफरचंद खातो". आता कम्युनिटी कॉलेजचा संध्याकाळचा क्लास लावू, की ऑनलाइन शिक्षक बघू? घरी दोन लहान पोरं आहेत. गाडीत मात्र रोज जाऊन-येऊन दीड तास जातो.

शुगरलँडची फार्मसीवाली

---

ताई, क्लासच लावा. पैसे भरले की माणूस झक मारत जातो. (जिमच्या बाबतीत हे खरं ठरलं नाही, ते सोडा.) अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिशसाठी साधारण 30 आठवडे पूर्णवेळ शिकायला बसवतं, आणि त्यांच्या लेखी ही सोप्या भाषांपैकी एक! फोनवर पाच मिनिटं टिचक्या मारून काय होणार?

केटीचे काका

---

अगं, क्लास वाईट नसतो, पण तुझी सुरुवात तिथून नको. मी इथल्या शाळेत बरीच वर्षं स्पॅनिश शिकवलं. पहिले दोन महिने रंग, वार आणि 'आमच्या घरात चार माणसं आहेत' यातच जातात. तुला काउंटरवरचं बोलणं हवंय.

शिवाय इथले क्लास इंग्रजीवाल्यांसाठी बेतलेले. त्यांना जिथे घाम फुटतो तिथे आपली वाट सरळ असते. 'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य समजावताना माझा अख्खा तास जायचा, की बाबांनो, इथे 'मी' कर्ता नाही, कॉफी कर्ता आहे. तुला काय समजवायचंय? मला कॉफी आवडते. संपलं. 'ले दुएले?' म्हणजे 'तुम्हाला दुखतंय?', शब्दाला शब्द. तू-तुम्हीसुद्धा आपल्यासारखंच: 'तोमा' म्हणजे घे, 'तोमे' म्हणजे घ्या. आजोबांना चुकूनही 'तोमा' म्हणू नकोस.

या 'तोमे'त एक मेख आहे. पहिल्या अक्षरावर जोर दिलास तर 'घ्या', दुसऱ्यावर दिलास तर 'मी घेतली'. आणि 'तोमाबा' म्हणजे 'घ्यायचे', रोजची सवय होती. या दोन भूतकाळांनी माझी पोरं रडकुंडीला यायची. आपण 'घेतली' आणि 'घ्यायचे' यांत कधी गोंधळतो का?

जोर कुठे पडला हे कानालाच कळायला हवं, म्हणून तू कानानेच शीक. गाडीतला दीड तास हाच तुझा क्लास. लँग्वेज ट्रान्सफरचा स्पॅनिश कोर्स लाव, 90 छोटे ऑडिओ, सगळे फुकट. त्यात शिक्षक प्रश्न विचारतो. तिथे थांबवून मोठ्यांदा उत्तर द्यायचं. सिग्नलला शेजारच्या गाडीतला बघेल, बघू दे. मग पिम्सलरचा ऑडिओ कोर्स घे, अर्ध्या-अर्ध्या तासाचे धडे असतात. विकत घेण्याआधी लायब्ररीत विचार.

उच्चारांची चिंता नको. आपला त, आपला द जसेच्या तसे चालतात. माझी पोरं 'टोमे' म्हणायची आणि मी कपाळाला हात लावायचे. बोलायला माणूस तर तुझ्या मागेच उभा आहे, ती धावत आलेली टेक्निशियन. रोज तिच्याकडून तीन वाक्यं घे आणि देवनागरीत लिहून ठेव. रोमन अक्षरं दिसली की आपली जीभ इंग्रजी होते. ओन्सेचं तेच झालं की, फक्त उलट्या बाजूने.

काकांना सांगते, क्लास सहा महिन्यांनी. तेव्हा ती त्यात चमकेल.

आणि औषधाचं महत्त्वाचं बोलणं दुभाष्यामार्फतच कर, कितीही येऊ लागलं तरी. 1980 मध्ये फ्लोरिडात एका 18 वर्षांच्या मुलाच्या घरच्यांनी 'इन्तोक्सिकादो' शब्द वापरला होता, म्हणजे खाण्यातून काही बाधलं. डॉक्टरांनी तो नशेचा ओव्हरडोस समजला. खरं तर मेंदूत रक्तस्राव होत होता. पोराचे हातपाय कायमचे लुळे पडले.

काकू

---

काकू, साडेतीन महिन्यांनी लिहितेय. 90 पैकी 61 ऑडिओ झाले. ऍपची साखळी तुटली, आणि मला पत्ताच लागला नाही! टेक्निशियन वाक्यं देते, मी थालीपीठ देते. ती त्याला 'तुमची तोर्तिया' म्हणते, तोर्तिया म्हणजे त्यांच्याकडची पोळी.

काल ब्लडप्रेशरची गोळी न्यायला एक आजी आल्या. मी माझं पाठ वाक्य टाकलं, 'तोमे ऊना पास्तिया आल दीआ', रोज एक गोळी घ्या. त्या हसल्या आणि भराभर काहीतरी म्हणाल्या. त्यातला एकच शब्द हाती लागला, 'तोमाबा'. घ्यायचे! म्हणजे आता घेत नाहीत?

लगेच फोनवर दुभाष्या घेतला. गोळीने कोरडा खोकला येतो म्हणून त्यांनी ती दोन महिन्यांपूर्वीच बंद केली होती. सूनबाई दर महिन्याला नेतात आणि आजी डब्यात साठवतात. डॉक्टरांना कळवलं, आज गोळी बदलून आली.

शनिवारी येऊ का? जोर कुठे द्यायचा ते अजून चुकतं. कालही बहुधा मी त्यांना 'मी गोळी घेतली' असंच सांगितलं असावं, म्हणून त्या हसल्या.