कोरोनर ऑफिसातली इंटर्नशिप आणि आपलं डेड हाऊस

पत्र्याखालचा एमओ: सकाळपासून तीन ग्रुपांवर एकच पोस्ट फिरतेय. अमळनेरची मुलगी पेन्सिल्व्हेनियात फॉरेन्सिक शिकते, उन्हाळ्यात दहा आठवडे कोरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसात इंटर्न होती. लिहिते, 'तिथे मयतालाही मिस्टर म्हणतात, आपल्याकडे गोणी.' खाली बदामांचा पाऊस.

ताई, मी मेडिकल ऑफिसर, सात वर्षं ग्रामीण रुग्णालयात पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम करतोय. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आत डोक्यावर पत्रा. फ्रीजर दोन, चालू एक. तरी कुणाला गोणी म्हटलेलं नाही. आणि तुमच्या पेन्सिल्व्हेनियात कोरोनर निवडून येतो, डॉक्टर असायलाच हवा असं नाही. इथे सरपंचाला पीएमवर सही करू दिली तर पहिली बोंब तुमचीच असेल. मुंबईतही होतं कोरोनर कोर्ट. १९९९ ला बंद झालं, कुणी टिपूस गाळला नाही.

केळीवाला, रावेर: साहेब, पीएम तुम्ही 'करता'? आम्ही पाहिलेले साहेब नाकाला रुमाल लावून दारात उभे होते. आत चिरत होता सफाईवाला.

काकांनी कपाशीचं फवारणीचं औषध घेतलं. संध्याकाळी साडेपाचला गेले, तर म्हणे पीएम आता सकाळी. रात्रभर आम्ही लिंबाखाली. उजाडल्यावर आतल्या माणसाने चिठ्ठी दिली: पांढरं कापड पाच मीटर, मेणकापड, सुतळी. वर पाचशे वेगळे. कापडवाला नऊला दुकान उघडतो, तोवर काकू पायरीवर. पोरीने गोणी लिहिलं ते कमीच. जेनं जळस तेलेच कळस.

पत्र्याखालचा एमओ: दारात उभे राहणारे आहेत, नाकारत नाही. मी त्यातला नाही. रात्रीच्या पीएमला नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने परवानगी दिली, पण सोय असलेल्याच दवाखान्यात. खून, आत्महत्या, घातपाताचा संशय यातून वगळलेत. काकांची केस आजही सकाळवरच गेली असती.

निवृत्त हवालदार: दोघंही घोडं सोडून नालेवर भांडताय. आधी पंचनामा, मग पीएम. पूर्वीचं कलम १७४, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १९४. आणि पंच आणायचे कुठून? मयत बघायला दोनशे माणूस, सही मागितली की सगळ्यांच्या म्हशी पिळायच्या राहिलेल्या! तापीकाठी एकदा चार तास मी आणि एक कुत्रं बसलो होतो मयताजवळ. कुत्र्याला सही येत असती तर घेतली असती.

केळीवाला, रावेर: हवालदार, तुमच्या म्हशी बाजूला ठेवा. पाचशे कशाचे ते सांगा.

सुई-दोरा: मी सांगतो. माझे वडील तेच आत चिरायचं-शिवायचं काम करायचे, २६ वर्षं. घ्यायचे पैसे. आधी क्वार्टर मारल्याशिवाय आत पाय उचलत नसे त्यांचा. घरात ताट वेगळं, गावात चहा वेगळ्या कपात. कुजलेलं मयत असलं की डॉक्टर बाहेरून विचारायचे, 'पोटात काय दिसतंय रे?' आणि वडील सांगतील ते लिहायचे. रिपोर्टवर सही डॉक्टरची, वास वडिलांच्या अंगाला. तुमच्या काकांनाही अशाच कुणीतरी शिवलंय, भाऊ. पाचशे दिसले, टाके दिसले नाहीत.

केळीवाला, रावेर: वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण पाचशे ते पाचशेच. काकू त्या दिवशी विधवा झाली होती, गिऱ्हाईक नव्हती.

सुई-दोरा: मग चिठ्ठी कुणी लिहायला लावली ते विचारा ना. कापडाचा खर्च दवाखान्याचा असतो. वडिलांना अक्षर ओळख नव्हती.

अमळनेरकर: पोस्ट माझी. कोरोनर निवडून येतात, हे खरं. आमचे कोरोनर आधी फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधीचा व्यवसाय, चालवायचे. पण चिरफाड ते करत नाहीत, फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्ट हा डॉक्टर करतो. मीही दहा आठवड्यांत चाकूला हात लावला नाही. माझ्याकडे काम होतं खिशातल्या वस्तूंच्या यादीचं. एका म्हाताऱ्याच्या खिशात तीन नाणी, चष्म्याची काडी आणि दुधाची पावती निघाली. सगळं लिहून पाकीट सील करून त्याच्या मुलीला दिलं. ती पावतीच वाचत बसली. आमच्या आजोबांचं घड्याळ आम्हाला मिळालं नाही. 'ती गोणी कुणाची?' हे मी आजोबांच्या वेळीच ऐकलं, तेव्हा सातवीत होते.

निवृत्त हवालदार: अंगावरच्या वस्तू पंचनाम्यात लिहितात. घड्याळाचं माझ्याकडे बघून बोलू नका.

पत्र्याखालचा एमओ: बरं, मला मिरची लागली म्हणून लिहिलं. घड्याळाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण पोस्टमध्ये आजोबा आणले असते तर बदाम कमी पडले असते, एवढंच.

केळीवाला, रावेर: टोमणा मारल्याशिवाय माघार घेता येत नाही का साहेब? काकांचा व्हिसेरा, म्हणजे विष तपासायला काढलेले आतले अवयव, नाशिकच्या लॅबला गेला, रिपोर्ट यायला अकरा महिने. तोवर शेतकरी आत्महत्येच्या सरकारी मदतीला पात्र की अपात्र यावर तहसीलच्या चकरा. मिळाले शेवटी लाख, त्यातले तीस हजार हातात, सत्तर ठेवीत. तीस तर उधारीतच गेले.

सुई-दोरा: आणि पाच मीटर पुरत नाही. उंच माणसाला सात लागतं. वडील बघूनच सांगायचे.

पत्र्याखालचा एमओ: आमच्याकडे कापड दवाखानाच देतो. जानेवारीपर्यंत पुरतं.