दिवसभर अभ्यासिकेत बसतो, तरी डोक्यात काही राहत नाही

कॉटबेसिस:
एसवाय बीएस्सीला आहे, केमिस्ट्री. गाव परभणीकडं, पुण्यात कॉट बेसिसवर राहतो. एफवायला ऑरगॅनिकमध्ये एटीकेटी लागली. घरी अजून सांगितलं नाही.

रूमवर चौघं, अभ्यास होत नाही म्हणून नवी पेठेत अभ्यासिका लावली. आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले. सकाळी सातला येतात ते रात्री दहालाच उठतात. त्यांच्याकडं बघून मीही बसतो. नोट्स तीन-तीनदा वाचतो. हायलायटर इतके मारलेत की पानावर पांढरी जागा उरली नाही. वाचताना सगळं कळतं. पेपर हातात आला की रिअॅक्शनच्या दोन पद्धतींत एसएन वन कुठलं, एसएन टू कुठलं, सगळी खिचडी.

टाइमटेबल चार वेळा केलं. सगळ्यात जास्त टिकलं ते पाच दिवस (पहाटे साडेचारवालं). आळशी नाही हो मी. मग चुकतंय कुठं?

जुनाखेळाडू:
पहाटे साडेचारचं टाइमटेबल पाच दिवस टिकलं याबद्दल तुझा सत्कारच करायला पाहिजे. माझं दुपारी जेवणाच्या आधीच मोडायचं.

मोबाइल कुठं असतो ते सांग आधी. टेबलावर पालथा ठेवत असशील तर तो समोरच आहे असं समज. मी रूममेटच्या ट्रंकेत टाकायचो आणि किल्ली त्याच्याकडंच. तो ग्राउंडवरून क्रिकेट खेळून येईपर्यंत दोन तास सुटका नाही. मॅच लांबली की अभ्यास जास्त!

खडूवाल्याबाई:
मी साताऱ्याकडे कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तुझं उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे बाळा, 'वाचताना सगळं कळतं'. पान समोर उघडं असलं की ते ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतंय असा समज होतो.

रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार फेऱ्यांमध्ये फक्त वाचला. काहींनी एक फेरी वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना साधारण 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 61. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते, गोम तिथेच आहे.

तू असं कर. लेक्चर झालं त्याच दिवशी वही मिटून एक पाठकोरा कागद घे. टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड आणि मिथाइल ब्रोमाइड, दोन्ही मांड. कोण एसएन वनने जाणार, का जाणार, कार्बोकॅटायन, म्हणजे धन प्रभाराचा कार्बन, कुठे तयार होतो, सगळं आठवून. अडलास तरी दोन मिनिटं वहीला हात लावायचा नाही. मग लाल पेनाने स्वतःच तपास.

दरवर्षी माझ्या वर्गात कितीतरी जणांचा बाण उलटा असतो. इलेक्ट्रॉनची जोडी न्यूक्लिओफाइलकडून, म्हणजे ती देणाऱ्याकडून, कार्बनकडे जाते, आणि ही मंडळी बाण कार्बनपासून सुरू करतात! दहा वेळा वाचूनही ही चूक सापडत नाही, कारण वाचताना बाण पुस्तकाने काढलेला असतो.

दोन दिवसांनी तेच पुन्हा कोऱ्या कागदावर, मग आठवड्याने. आणि एटीकेटीचं घरी सांगून टाक. ते ओझं घेऊन अभ्यास होत नाही.

आसनगावकर:
बाईंचं पटलं. माझ्याकडे फक्त कागद पसरायला जागा नव्हती. कॉलेज मुंबईला, सकाळी आसनगावहूनच सुटणारी लोकल धरली की खिडकी मिळायची. वासिंदपर्यंत डोळे मिटून कालचं लेक्चर आठवायचं. जे आठवलं नाही तेवढंच खडवलीपर्यंत चिठ्ठीवर बघायचं. टिटवाळ्याला गर्दी चढली की चिठ्ठी खिशात. शेजारचे काका समजायचे मी जप करतोय.

गंमत म्हणजे रविवारी घरी टेबल-पंखा सगळं असून काही व्हायचं नाही. मला सवय लागली ती लोकलच्या वेळेमुळे, माझ्या निग्रहाचा त्यात काही हात नाही.

कॉटबेसिस:
अठरा दिवसांनी लिहितोय. पहिल्या दिवशी कोऱ्या कागदावर चार ओळी आल्या, पुढं ठणठण गोपाळ. राग एवढा आला की हायलायटर रूममेटला देऊन टाकले.

माझी लोकल म्हणजे मेस. कागद भरल्याशिवाय जेवायला जायचं नाही असं ठरवलं. एकदा नऊ वाजून गेले, भाजी संपलेली, वरणभातावर भागवलं. दुसऱ्या दिवशी साडेसातलाच लिहायला बसलो. अठरापैकी तेरा दिवस जमलं. बाण माझाही उलटाच निघाला बाई, आणि तोही दोनदा. अभ्यासिकेत आता दोन-अडीच तासच बसतो, महिन्याचे पैसे भरलेत म्हणून जीव तुटतो तेवढाच.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग दे की पुन्हा पेपर." पप्पांना सांगायचं काम तिनंच घेतलंय. लिहिलेले कागद उशाखाली साठवतोय.

एक विचारायचं होतं. फिजिकलची डेरिव्हेशन्स पण अशीच कोऱ्या कागदावर लिहायची का? दोन-दोन पानं असतात, मधेच धागा सुटतो.

खडूवाल्याबाई:
अख्खं एकदम नको. उत्तराची शेवटची पायरी झाकून तेवढीच लिही, ती जमली की शेवटच्या दोन, मग तीन, असं मागून पुढे ये. कार्नो सायकलपासून सुरुवात कर, आधी चार टप्प्यांची नुसती आकृती. आणि कागद उशाखाली कसले ठेवतोस, तारीख घालून फाइलला लाव.