फोनपेक्षा लेखी नोंद महत्त्वाची
इंग्लंडमधील सायकलमार्गावरच्या खड्ड्याबद्दल काउन्सिलला (स्थानिक प्रशासनाला) वारंवार फोन करूनही कोणी फिरकत नाही, तेव्हा तक्रार करणेच व्यर्थ आहे, हा काहींचा निष्कर्ष मला पटत नाही. १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टच्या (सार्वजनिक रस्त्यांविषयीच्या कायद्याच्या) कलम ४१ नुसार सार्वजनिक खर्चाने सांभाळायच्या रस्त्याची देखभाल हे रस्ते प्राधिकरणाचे, म्हणजे इथे काउन्सिलचे, कर्तव्य आहे. परंतु अपघातानंतर भरपाई मागितली, की आपण वाजवी काळजी घेतली होती असा बचाव त्याला कलम ५८ खाली घेता येतो, आणि तो तपासताना रस्त्यातला दोष त्याला ठाऊक होता का, किंवा ठाऊक असायला हवा होता का, हे न्यायालय पाहते. म्हणूनच तारखेसह केलेली लेखी तक्रार दुरुस्ती झाली नाही तरी वाया जात नाही. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा मात्र सहसा उरत नाही (काउन्सिलला ते सोयीचेच असते). २००७ पासून सुरू असलेल्या फिक्समायस्ट्रीट या रस्त्यांच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर नोंद केली, तर ती तारखेनिशी सर्वांना दिसते.

नोंदीत नेमके ठिकाण, मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र आणि भेग चाकाच्या दिशेने जाते की आडवी, हे अवश्य लिहावे. दुरुस्तीच्या केवळ खोलीवर बेतलेल्या निकषांत प्रवासाच्या दिशेने गेलेली उथळ चीर सहज निसटते, पण सायकलचे चाक नेमके तिच्यातच अडकते. तरीही उत्तर आले नाही, तर त्याच कायद्याच्या कलम ५६ खालील नोटीस द्यावी. देखभालीची जबाबदारी मान्य आहे की नाही, हे प्राधिकरणाला एका महिन्यात कळवावे लागते.