मदत हवी आहे: घट तरारून येतो, फुलांचं बी मात्र उगवत नाही (सांगली, गच्ची)

गच्चीवरची_सून:

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचं जुनं घर गावभागात होतं, मागे परसबाग होती. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा घर आणि बाग दोन्ही पाण्यात गेलं. आता विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर गच्ची आहे, ऊन भरपूर. यंदा ठरवलं की नर्सरीतनं रोपं आणायची नाहीत (पन्नास-साठ रुपयाला एक पेटुनिया आणि ते महिन्याभरात वाळतं), बी लावूनच फुलझाडं करायची. सोपी सोपीच घेतली, झेंडू, झिनिया, पेटुनिया, सदाफुली, गोकर्ण आणि जुन्या घराची गुलबक्षी. त्या गुलबक्षीचं सांगायचं तर पूर ओसरल्यावर सगळं चिखलाखाली गेलेलं, गुलाबसुद्धा गेले, आणि महिन्याभराने चिखल फोडून हीच एकटी वर आली. तिचं बी मी तेव्हापासून डबीत जपलंय.

घटस्थापनेच्या दिवशी सगळं पेरलं. मुद्दाम. म्हटलं देवापुढे घट बसतोय, त्याच मुहूर्तावर आपलं पण बी बसू दे. माती नदीकाठची गाळाची, ओळखीच्या एकांनी दोन पोती आणून दिली. ट्रेमध्ये भरली, बी टाकलं, वर अर्धा इंच माती, रोज सकाळी मगाने पाणी आणि ट्रे जिन्यात खिडकीपाशी सावलीला. सदाफुलीची पाळी येईपर्यंत माती संपली म्हणून ते बी तसंच वर राहिलं.

काल कोजागिरी झाली, आज सोळावा दिवस. रिझल्ट असा: झिनिया चौथ्या दिवशी धडाधड आला, वीतभर लांबुळका झाला आणि एका रात्रीत निम्मा आडवा. बुडाशी देठ दोऱ्यासारखा बारीक आणि पाणचट. झेंडू चाळीसातला दोन. हा झेंडू मागच्या दसऱ्याच्या तोरणाचा, फुलं वाळवून ठेवली होती. गोकर्ण शून्य, सदाफुली शून्य, पेटुनिया शून्य. गुलबक्षी पाचात तीन, एकदम टकाटक.

आणि तिकडे देव्हाऱ्यात घट असा तरारला की दसऱ्याला सगळ्यांच्या टोप्यांत तुरे खोवून वर उरला. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या घटाला कुठं ट्रे लागतो गं?" आता यावर काय बोलणार. मी पण तेच केलं ना, माती, बी, रोज पाणी, सावली. मग चुकलं कुठं?

काळीमाती:

ताई, तुम्ही घटासारखं केलंत तेच चुकलंय. हसू नका, खरंच सांगतो.

घटात गहू असतो. गव्हाच्या दाण्यात पिठाचा एवढा साठा असतो की आठ-नऊ दिवस तो मातीकडे बघत पण नाही, स्वतःच्या शिदोरीवरच वाढतो, दोन बोटं खोल गेला तरी वर येतो. पेटुनियाचं बी ग्रॅममध्ये आठ-दहा हजार बसतं, धूळच ती. त्याच्यात शिदोरी किती असणार? त्यावर अर्धा इंच गाळ म्हणजे गाडूनच टाकलंत. शिवाय पेटुनियाला उगवायला उजेड लागतो, त्याला झाकायचंच नाही, ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं. सदाफुलीला उलटा हट्ट, तिला अंधार लागतो, पाव इंच मातीखाली बरोबर उगवते. तुम्ही नेमकं पेटुनियाला पुरलंत आणि सदाफुलीला उघडं ठेवलंत!

दुसरं म्हणजे घटाचे अंकुर उंच आणि पिवळट का असतात? अंधाऱ्या देव्हाऱ्यात असतो म्हणून. उजेड शोधत तो ताणतो. घटाला ते शोभतं, दसऱ्याला विसर्जनच आहे त्याचं. तुमच्या झिनियाला अजून तीन महिने उभं राहायचंय. तो वीतभर लांबुळका झाला म्हणजे घटच झाला त्याचा. पहिलं टोक वर दिसलं की त्याच दिवशी ट्रे उन्हात, निदान सकाळचं चार-पाच तास.

आडवा पडला ती मर आहे, आम्ही रोप कोलमडणं म्हणतो. बुरशीचं काम. दाट पेरणी, सतत ओल आणि वारा नाही, असं तिन्ही जमलं की एका रात्रीत साफ. बुडाशी पाणचट झालेलं रोप वाचत नाही, नाद सोडा.

रिकामटेकडा_मिरज:

गाळाची माती सुपीक असती हे शेतात ठीक आहे ओ, दोन इंचाच्या ट्रेत नाही. एक प्रयोग करा, त्या ट्रेला दोन दिवस पाणी देऊ नका. वर पापडासारखे पापुद्रे सुटतील आणि भेगा पडतील. ते फोडून बारकं बी वर येणार कसं. आणि पाणी दिलं की खाली चिकट लगदा, मुळाला हवा नाही.

मी धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) दोन भाग, चाळलेलं गांडूळ खत एक भाग आणि मूठभर वाळू घेतो. कोकोपीट धुवायचंच, त्याची जी दाबलेली वीट मिळते तिच्यात खारटपणा असतो, दोनदा भिजवून पिळून टाका. आणि मगाने पाणी घालणं आजपासून बंद! ट्रेला खाली भोकं असतील तर परातीत बोटभर पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवायचा, वरची माती काळपट दिसली की उचलायचा. बी जागचं हलत नाही, देठ कोरडा राहतो.

गच्चीवरची_सून:

अरे बापरे. भोकं नाहीयेत ट्रेला 🙈 मिठाईचे प्लास्टिकचे डबे आहेत ते.

रिकामटेकडा_मिरज:

मग ट्रे कशाला म्हणता, तळं म्हणा की. दाभण गरम करून आठ-दहा भोकं पाडा. डब्याची पारदर्शक झाकणं मात्र टाकू नका, पेटुनियावर तीच ठेवायची, ओल टिकते. उगवलं की झाकण काढा नाहीतर परत बुरशी.

कराडची_आजी:

गोकर्णाचं राहिलं सगळ्यांचं. अगं पोरी, त्याचं कवच कडक असतं. कोमट पाण्यात रात्रभर भिजत घाल. सकाळी फुगलेले दाणे लावायचे. जे फुगत नाहीत त्यांना नेलकटरने कडेला बारीकसा टवका काढायचा आणि परत भिजवायचे. आम्ही दगडावर घासायचो. कर्दळीचं बी तर त्याहून कडक, त्याला घासल्याशिवाय पर्यायच नाही.

गुलबक्षी पुरातून आली यात नवल नाही, तिला खाली रताळ्यासारखा गड्डा असतो. वरचं झाड गेलं तरी गड्डा जिवंत असला की परत फुटते, म्हणून एकदा लावली की वर्षानुवर्षं राहते. कुंडी मात्र खोल घे. आणि घरात लहान मूल असेल तर बी हाताशी ठेवू नकोस, मिरीसारखं दिसतं पण विषारी असतं. आम्ही लहानपणी ते फोडून आतली पांढरी पावडर तोंडाला लावून मिरवायचो, ते वेगळं.

झेंडवाचं विचारते, तोरणाची फुलं बाजारची का घरची?

गच्चीवरची_सून:

बाजारची, आजी. मंडईतला मोठा केशरी गोंडा.

कराडची_आजी:

तिथंच घोडं पेंड खातंय बघ. बाजारात फूल ताजं तोडून येतं, बी धरायच्या आतच. तू वाळवलंस तरी आतलं बी कच्चंच वाळणार. त्यातली काळी काडी नखाने दाबून बघ, पोचट लागली की फेकून दे. बी धरायचं तर फूल झाडावरच तपकिरी होऊन मान टाकेपर्यंत ठेवावं लागतं. आमच्यात मग ते राखेत घोळून फडक्यात बांधून ठेवायचे, किडा लागत नाही.

वेण्णाकाठचा:

आजींच्या बोलण्यात थोडी भर घालतो. हल्लीचा तो टपोरा गोंडा बहुतेक हायब्रीड असतो, त्याचं पिकलेलं बी लावलं तरी पोरं आईसारखी निघतीलच असं नाही, एकेरी पाकळ्यांची बारकी फुलं पण येतात. मला तीच आवडतात खरं तर, मधमाश्या त्यांच्यावरच जास्त बसतात, पण तोरणासाठी करणार असाल तर पाकीट घ्या.

झिनिया आणि कॉसमॉस ट्रेत करूच नका. दोघांना मुळं हलवलेली आवडत नाहीत, थेट मोठ्या कुंडीत पेरा आणि दाट झाले तर कात्रीने कापून विरळ करा, उपटायचं नाही, शेजारच्याची मुळं दुखावतात. झेंडूचं मात्र उलट आहे, त्याचं रोप लांबुळकं झालं असेल तर पहिल्या दोन पानांपर्यंत खोल लावा, देठालाच मुळं फुटतात. तुमचे ते दोन झेंडू वाचतील.

तेरडा पण धरा की तुमच्या यादीत, पण पुढच्या जूनला. त्याच्याइतकं सोपं काही नाही, शेंगेला बोट लावलं की बी उडतं, एकदा लावला की दरवर्षी आपला आपण उगवतो. जाता जाता, आमच्या साताऱ्यात दर सीझनला कोणीतरी विचारतंच म्हणून सांगून ठेवतो, कासच्या पठारावरच्या तेरड्याचं बी आणू नका. एक तर ते वारसास्थळ आहे, तिथलं काही तोडायचं नसतं, आणि दुसरं म्हणजे तो जांभ्या खडकावरच्या पातळ मातीत, पावसाच्या फवाऱ्यात वाढणारा प्राणी आहे, सांगलीच्या गच्चीवर चार दिवस टिकणार नाही.

काळीमाती:

पाकिटांवर विश्वास नसेल तर आधी कागदावर बघा. दहा बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत ठेवायच्या. आठवड्यात सात-आठांना मोड आले तर बी चांगलं, दोघांनाच आले तर दाट पेरा नाहीतर टाकून द्या. मोड आणायला आपल्याला काय शिकवायचं, मटकीसारखंच. (पेटुनियाला हे करू नका, टिश्यूला चिकटलं की निघत नाही.)

मरीसाठी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) आणा, कृषी सेवा केंद्रात मिळतो, पेरायच्या आधी ओलसर मिश्रणात कालवून दोन-तीन दिवस ठेवायचा. रोप पडल्यावर घालून उपयोग नाही.

रिकामटेकडा_मिरज:

किंवा वरून दालचिनीची पूड भुरभुरा.

काळीमाती:

दालचिनी पुलावात घाला ओ. वारा आणि कोरडा देठ यानेच नव्वद टक्के काम होतं.

रिकामटेकडा_मिरज:

माझी रोपं जगली दालचिनीने, आता काय करू, परत मारू त्यांना?

गच्चीवरची_सून:

भांडू नका, दोन्ही करते 😄 अजून एक, झिनियाच्या बिया मुंग्या ओढून नेताना बघितल्या मी. काय करायचं?

कराडची_आजी:

डब्याभोवती हळदीची रेघ ओढ. सांगलीत राहून हळदीला काय तोटा.

वेण्णाकाठचा:

रेघ ओली झाली की मुंग्या खुशाल चालत जातात, परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. डबा विटेवर ठेवा आणि वीट पाण्याच्या ताटलीत.

गच्चीवरची_सून:

अपडेट द्यायला आले. आज वसुबारस, म्हणजे बारा दिवस झाले. फराळाच्या गडबडीत आहे तरी लिहिते कारण राहवत नाहीये.

गाळ सगळा मोठ्या कुंड्यांच्या तळाला गेला, शेणखत आणि वाळू मिसळून. ट्रेचा पापड झाला होता, अगदी सांगितल्यासारखा, उचलला तर अख्खा पापुद्रा हातात आला आणि त्याच्या खालच्या बाजूला गोकर्णाचे दाणे जसेच्या तसे चिकटलेले, दगड नुसते. तेच धुवून भिजत घातले. आठातले सहा सकाळपर्यंत टम्म फुगले, दोघांना नेलकटर दाखवला. आज सात वर आलेत.

तोरणाचा झेंडू टिश्यूत ठेवला, दहात एक मोड. शेजारच्या काकूंच्या झाडावर वाळलेलं एक फूल मागून आणलं, त्यातल्या दहा लावल्या तर सात. आजी, तुमच्या नखाच्या टेस्टला दहापैकी दहा. काकूंच्या बियांच्या काळ्या काड्या खरंच टणक लागतात.

झिनिया थेट कुंडीत, पहिल्या दिवसापासून उन्हात. बोटभर आहे पण देठ जाड आणि बुडाशी जांभळट. सदाफुली यावेळी मातीखाली ठेवून वर गोणपाटाचा तुकडा टाकला, कालपर्यंत काही नव्हतं, आज चार वाकलेले देठ दिसले, गोणपाट काढला.

आता पेटुनिया. झाकणाच्या डब्यात कोकोपीटवर भुरभुरलं, परातीतून पाणी, रोज बघते तर काही नाही. आज दहावा दिवस. सकाळी मी चकल्या तळत होते आणि सासूबाई गच्चीवर वाळवण बघायला गेल्या त्या तिथूनच ओरडल्या, "अगं, तुझ्या त्या रिकाम्या डब्याला शेवाळ धरलंय, पुसून ठेवू का?" मी झारा तसाच टाकून पळत वर. फडकं हातात घेऊन उभ्याच होत्या. चष्मा लावून बघितलं तर शेवाळ नाही, हिरवी पिठी पसरल्यासारखे बारीक बारीक ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला दोन पानं. त्यांनी पण बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "एवढंसं?"

चकल्या करपल्या, त्या जाऊ देत. आता मला सांगा ही पिठी कधी आणि कशाने उचलून वेगळी लावायची? माझी बोटं त्याच्यापुढे मुसळं आहेत.

वेण्णाकाठचा:

अभिनंदन! अजून तीन आठवडे हात लावू नका, ही पहिली दोन सोडून चार खरी पानं येऊ द्या. मग टूथपिकने खालून उचकटायचं आणि धरायचं ते पानाला, देठाला नाही. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चिरडला की रोप गेलं. झाकण आजच काढा, आणि दिवाळीची साफसफाई होईपर्यंत डबा सासूबाईंच्या फडक्यापासून लांब ठेवा.

गच्चीवरची_सून:

डबा त्यांनीच उचलून देव्हाऱ्याशेजारच्या खिडकीत नेऊन ठेवलाय. उन्हाची आहे ती खिडकी, बघितलं मी.