शिकारीच्या कंपाउंड बोला ५० मीटरसाठी कोणता रेस्ट बसवावा?

परभणी_आर्चर
नमस्कार मंडळी. लेकीसाठी वापरलेला कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) घेतलाय. ती १६ वर्षांची, उजव्या हातानं ओढते. बो मूळचा शिकारीसाठी बनवलेला, ५० पौंड, ड्रॉ लेंथ (ओढायची लांबी) २७ इंच. वर गोल ब्रशचा रेस्ट (बाण टेकवायचा आधार) आहे, व्हिस्कर बिस्किट. बाण कार्बनचे, त्यांना २ इंची ताठ वेन (शेपटाकडची प्लास्टिकची पिसं). ३० मीटरपर्यंत ग्रुपिंग बरं येतं, ५० मीटरला पसरतं. खालच्या दोन वेनच्या कडाही सुरकुतल्यात. ड्रॉप-अवे (बाण सुटला की खाली पडणारा रेस्ट) घ्यावा की ब्लेड (पातळ पट्टीचा स्थिर रेस्ट)? इथं बो-प्रेस (बो दाबून स्ट्रिंग-केबल सैल करायचं यंत्र) नाही, हे लक्षात घेऊन सांगा.

लातूर_कोच
बो चालेल. स्पर्धेत कंपाउंडला ६० पौंडांची मर्यादा आहे, तुमचा आतच आहे. बाणाची जाडी ९.३ मिमीच्या पुढं नको. जुन्या सामानात पात्याची शिकारी टोकं आली असतील तर ती रेंजवर नेऊ नका, तिथं चालत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळं शिकारीचा तर प्रश्नच येत नाही.

आता बिस्किट. बाण कसाही तिरका केला तरी पडत नाही, म्हणून शिकाऱ्याला ते सोयीचं. पण प्रत्येक बाणाच्या वेन ब्रशमधून घासत जातात. ब्रश एकीकडं झिजला की बाण बसतोही खाली आणि घर्षणही सगळीकडं सारखं राहत नाही. ५० मीटरला ८० सेंमीच्या टार्गेटवर १० चं वर्तुळ फक्त ८ सेंमीचं असतं. तिथं एवढा फरकही दिसतो. सुरकुतलेल्या वेनचे बाण आधी बाजूला काढा, नाहीतर नव्या रेस्टचा दोष समजाल.

फक्त टार्गेट मारायचं असेल तर ब्लेड उत्तम. त्यात हलणारा भागच नाही, बिघडायला काही नाही. पट्टीची जाडी मात्र बाणाच्या वजनाप्रमाणं घ्या. हलक्या बाणाला ०.००८ किंवा ०.०१० इंच, जडाला ०.०१२. फार मऊ पट्टीवर बाण सुटताना नाचतो, फार कडक पट्टी बाणाला वर उडवते. कोन साधारण ३० अंशांपासून सुरू करा. नॉक (बाणाच्या मागची खाच) फिरवून वेगळ्या रंगाची वेन खाली आणा, म्हणजे ती पट्टीच्या खाचेतून जाईल. अडचण एकच, ओढताना हात डळमळला की बाण पट्टीवरून पडतो. नव्या लेकराचं लक्ष मग नेमाऐवजी बाण सांभाळण्यातच जातं.

संभाजीनगर_बो_टेक
सरांचं ब्लेडबद्दलचं बरोबर आहे, पण या लेकीला मी आज ड्रॉप-अवेच देईन, तोही लिंबवर (बोच्या वाकणाऱ्या पात्यावर) चालणारा. केबलवर (चाकांना जोडणाऱ्या दोरावर) चालणाऱ्या रेस्टची दोरी, बो ओढताना खाली सरकणाऱ्या केबलमध्ये ओवतात, त्याला प्रेस लागतो. नुसती क्लिपनं अडकवली तर ती हळूहळू सरकते आणि टायमिंग बदलतं. दोरी आखूड झाली की रेस्ट लवकर उठतो आणि उशिरा पडतो, वेन त्याला धडकतात. लांब झाली की बाणाला आधार मिळायच्या आतच खाली जातो.

लिंबच्या प्रकारात रेस्टला वर उचलते स्प्रिंग, आणि बो सैल (न ओढलेला) असताना त्याला खाली धरते लिंबला बांधलेली दोरी. बाण सुटला तरी लिंब परत जाग्यावर येईपर्यंत आधार टिकतो. प्रेस लागत नाही. बो सैल असताना दोरी ताठ आणि रेस्ट पूर्ण खाली आहे ना, एवढं रोज पाहायचं. टायमिंग तपासताना बाण लावूनच, टार्गेटकडं तोंड करून ओढा. बाणाशिवाय स्ट्रिंग सुटली तर लिंब फुटू शकतो.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बो बंद गाडीत ठेवू नका. उन्हानं स्ट्रिंग आणि केबल ताणतात, वेनचा आणि रेस्टवरच्या फेल्टचा डिंक सुटतो. रेस्टच्या सांध्याला तेल घालायचं नाही, त्यावर काळ्या मातीची धूळ बसून तो अडकत पडतो. कोरडं ग्राफाइट चालेल.

परभणी_आर्चर
ड्रॉप-अवेच घेतो. बसवल्यावर पहिली सेटिंग कशी करू? वेन लागते का, हे कसं कळणार?

लातूर_कोच
बाणाचा मध्य रायझरच्या (बोच्या मधल्या दांड्याच्या) आतल्या बाजूपासून २० ते २१ मिमीवर, आणि उंचीला रेस्टच्या बोल्टच्या भोकाच्या मध्यावर ठेवा. मग २ मीटरवरून ताणलेल्या कागदातून मारा. कागद शेपटाच्या (वेनच्या) बाजूनं डावीकडं फाटला तर रेस्ट उजवीकडं, उजवीकडं फाटला तर डावीकडं. वर फाटला तर रेस्ट वर घ्या किंवा नॉक पॉइंट (स्ट्रिंगवर बाण अडकवायची जागा) खाली. एका वेळी अर्धा ते एक मिमीच, आणि दर बदलानंतर तीन बाण. एका बाणावरून निर्णय नको, हात पिळला तरी कागद तसाच फाटतो.

त्याआधी रेस्टच्या कडांना लिपस्टिक लावा आणि एक बाण मारा. वेनवर रंग आला तर कागद फाडत बसू नका, आधी टायमिंग नीट करा.

संभाजीनगर_बो_टेक
सेटिंग जमली की बोल्टवर आणि रेस्टच्या पट्टीवर बारीक मार्करनं एक रेघ ओढून ठेवा, सरकलं तर लगेच दिसेल. साईट (नेम धरायचं साधन) ३० मीटरपासून नव्यानं लावावी लागेल, जुने आकडे विसरा.